घर बांधण्याआधी जमीन वाचा: भूकंपात पायाखालची माती काय करते आणि आपण काय तपासायचं

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून सुमारे २३० किलोमीटर लांब. तिथल्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत बसवलेल्या यंत्रानं जो हादरा नोंदवला तो गुरुत्वाकर्षणाच्या ११ टक्क्यांच्या आसपास होता. नीट बांधलेल्या आरसीसी इमारतीनं एवढं सोसायलाच हवं. तरीही शहरातल्या कित्येक बहुमजली इमारती खाली आल्या, काही ठिकाणी एकाच इमारतीचा एक भाग कोसळला आणि दुसरा उभा राहिला. एकट्या अहमदाबादेत सातशेच्या वर माणसं गेली.

बांधकामातले दोष त्यात मोठे होते, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. पण इतक्या लांबून येणारी लाट त्या इमारतींना एवढी जड का गेली, याचं अर्धं उत्तर साबरमतीनं हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळात आहे.

हा लेख स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी, फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांसाठी आहे. माझं म्हणणं एकच: आपल्याकडे प्लॅन आधी ठरतो आणि माती नंतर तपासली जाते, तो क्रम उलटा करा. किती मजले, पाया कसा, प्लॉटवर इमारत नेमकी कुठे, हे आधी जमिनीकडून समजून घ्या.

माती धक्क्याचं काय करते

भूकंपाची लाट कठीण खडकातून वेगानं जाते. ताज्या काळ्या पाषाणात तिचा आडव्या हादऱ्याचा वेग सेकंदाला दीड हजार मीटरच्या वर असतो. झिजलेल्या खडकात तो पाचशे ते आठशेपर्यंत उतरतो, घट्ट मुरमात अडीचशे ते साडेचारशे, आणि खाडीच्या मऊ चिखलात शंभराच्या आसपास. वेग कमी झाला तरी लाटेतली शक्ती कुठे जात नाही, त्यामुळे हेलकावा मोठा होतो. वर जमिनीचा पृष्ठभाग आणि खाली खडक, यांच्यामध्ये लाट पुन्हा पुन्हा परतत राहते आणि हादरण्याचा काळही लांबतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मातीच्या प्रत्येक थराची हलण्याची स्वतःची एक लय असते आणि प्रत्येक इमारतीचीही असते. झोपाळा पुढे जायला लागतो त्याच क्षणी दरवेळी हलका धक्का दिला तर तो चढत जातो. जमिनीची लय आणि इमारतीची लय जुळली की इमारतीचं तसंच होतं.

मेक्सिको सिटीनं १९ सप्टेंबर १९८५ ला हे साऱ्या जगाला दाखवून दिलं. ८.० तीव्रतेच्या त्या भूकंपाचं केंद्र प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. विद्यापीठाच्या खडकाळ जागेवर हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ३-४ टक्के नोंदला गेला, तर त्याच शहरात तळ्याच्या गाळावरच्या केंद्रावर सुमारे १७ टक्के. हा गाळ काही भागांत चाळीस मीटरच्या आसपास जाड आणि इतका मऊ होता की त्याचा एक हेलकावा दोन सेकंदांचा झाला. सर्वांत जास्त मार बसला तो सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. त्यांची लय सुरुवातीला एका सेकंदाच्या आसपास होती, पण तडे जाऊ लागले तसा सांगाडा सैल पडला, हेलकावा लांबला आणि त्या थेट जमिनीच्या लयीत जाऊन पडल्या. त्याच गाळावरच्या बैठ्या इमारती मोठ्या प्रमाणात बचावल्या.

काठमांडूतही २०१५ साली असंच दिसलं. खोऱ्यातल्या जुन्या तळ्याच्या जाड गाळानं चार-पाच सेकंदांचे लांब हेलकावे दिले. दोन-तीन मजली घरांना ते तितके लागू पडले नाहीत, आणि भीती होती त्या मानानं खोऱ्यातली पडझड कमी झाली. म्हणून ‘मऊ माती वाईट, खडक चांगला’ हे अर्धवट आहे. कोणती माती, किती जाड आणि तिच्यावर किती उंच इमारत, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं.

पायरी १: प्लॉटचा पूर्वेतिहास काढा

यंत्रं आणण्याआधी पायपीट करा. हे काम इंजिनिअरवर सोडू नका, कारण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जे माहीत असतं ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. इथे पूर्वी ओढा होता का, तो वळवला का? दगडाची खाण होती का? तळं, डबकं, मिठागर, भातखाचर, खाजण? भराव टाकला असेल तर कधी आणि कशाचा: मुरमाचा, की पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा? पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी किती वर येतं?

मग कागद पाहा. गावनकाशावर ओढे-नाले दाखवलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर खाड्या, तळी आणि उंचवटे सापडतात. गुगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं फुकट पाहता येतात, वीस वर्षं मागे गेलात तर आज सपाट दिसणाऱ्या जागेवर खड्डा किंवा ओढ्याचं वळण दिसू शकतं.

पुणे आणि मुंबईच्या उपनगरांत भरलेल्या खाणी हा प्रकार मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. खाणीची कड उभी असते. वरून सगळी जमीन एकसारखी दिसते, पण इमारतीचे चार कॉलम पाषाणावर आणि उरलेले कॉलम दहा मीटर खोल राडारोड्यावर असू शकतात. भूकंपात दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात आणि तो भराव दबतोही. अशा जागी धक्का मध्यम असला तरी इमारत चिरते.

डोंगरउतारावरचे प्लॉटही याच जातीचे. टेकडी कापून निघालेली माती पुढे ढकलून सपाटी केलेली असते. मागची बाजू कापाची, पुढची भरावाची. इमारत त्या सांध्यावर बसवू नका. जमलं तर पूर्ण कापाच्या बाजूला घ्या, आणि मागचा उभा काप व पुढची संरक्षक भिंत भूकंपाच्या हिशोबानं तपासून घ्या. टेकडीच्या अगदी माथ्यावर आणि कड्याच्या तोंडाशी लाट वाढते हेही ध्यानात असू द्या.

पायरी २: विहीर वाचा

आजूबाजूला बांधीव नसलेली विहीर असेल तर मे महिन्यात, पाणी खाली गेलेलं असताना, तिच्या काठाशी जरा वेळ काढा. दख्खनच्या पठारावर तिच्या उघड्या भिंतीत सगळं लिहिलेलं असतं. वर काळी, भेगाळलेली. तिच्याखाली बहुधा चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पिवळसर थर. मग मुरूम, आधी हातानं चुरा होणारा आणि खाली जाल तसा पहारीशिवाय न निघणारा. मुरमात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोललेले गोल धोंडे दिसतील, ते लक्षात ठेवा, पुढे बोअरच्या वेळी त्यांचा संबंध येणार आहे. त्यांच्याखाली भेगा असलेला कच्चा पाषाण आणि शेवटी अखंड काळा पाषाण. कधीकधी पाषाणाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल मऊ पट्टा येतो. काळी किती परस (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) आणि मुरूम किती परस हे लिहून ठेवा, फोटो काढा आणि इंजिनिअरला दाखवा.

पठारावरच्या बहुतेक ठिकाणी काळी माती दोन-चार मीटरची असते. तिची जमिनीच्या लयीच्या दृष्टीनं फारशी भीती नाही, तिचा थर पातळ आहे. तिचा खरा त्रास म्हणजे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे घराचा पाया आणि भिंती भूकंपाआधीच चिरलेल्या असतात. चिरलेलं घर भूकंपाला सामोरं जातं तेव्हा त्याची निम्मी ताकद गेलेली असते. उपाय म्हणजे पाया मुरमात किंवा त्याखाली नेणं, किंवा तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल (पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब).

जुन्या गावठाणात बांधत असाल तर आणखी एक पाहा. पांढरीची टेकाडं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या घरांचा साचलेला ढीग. त्यात राख, खापऱ्या, जुनी पेवं, बुजलेले खड्डे असतात. ती जमीन पायाला भरवशाची धरू नका, खालचा मूळ थर लागेपर्यंत खणा.

बाकी महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांच्या काही भागांत, गाळ खूप खोल जातो आणि पाषाण हाती लागतच नाही. कोकण आणि गोव्यात सड्यावर जांभा असतो, पण खाली खाडीकाठी खारजमिनी आणि खाजणं, किनाऱ्यावर पुळणीची वाळू. मुंबईत तर दोन गल्ल्यांत जमीन बदलते: मूळ बेटांचा खडक एकीकडे आणि बेटांमधली भरलेली खाडी दुसरीकडे. बॅकबेची भरणी किंवा मिठीकाठचं वांद्रे-कुर्ला संकुल यांना मलबार हिलच्या खडकाचा हिशोब लावता येत नाही.

पायरी ३: माती तपासणी नीट करून घ्या

इथे बहुतेक लोक पैसे वाचवायला जातात. एकूण बांधकामाच्या खर्चात हा खर्च किरकोळ असतो, आणि यातून मिळणारी माहिती नंतर कितीही पैसे मोजून बदलता येत नाही.

बोअर किती घ्यायचे? भारतीय मानक आयएस १८९२ साधारण ०.४ हेक्टरच्या, म्हणजे एक एकराच्या इमारतीसाठी चार कोपऱ्यांत एकेक आणि मध्ये एक पुरेसा मानतं, आणि छोट्या इमारतीला मध्ये एक चालेल म्हणतं. माझं मत विचाराल तर भराव, उतार किंवा जुनी खाण यांची नुसती शंका असली तरी छोट्या प्लॉटवरही किमान तीन बोअर घ्या. एका बोअरवरून जमिनीचा उतार कळत नाही.

बोअर चालू असताना तिथे हजर राहा. प्रमाणित भेदन चाचणी, जिला साइटवर सगळे एसपीटी म्हणतात, ती अशी होते: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि एक पोकळ नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढचे ३० सेंटिमीटर जायला जितके ठोके लागतील ती ‘एन-व्हॅल्यू’. खाडीच्या चिखलात ती दोन-तीन येते, कधी हातोड्याच्या वजनानंच नळी आत जाते. घट्ट मुरमात पन्नास ठोके मारूनही नळी पुढे सरकत नाही, त्याला रिफ्यूजल म्हणतात.

यात फसगतीच्या दोन जागा आहेत. भरावात नळी एखाद्या काँक्रीटच्या तुकड्यावर किंवा दगडावर बसली की आकडा खोटा मोठा येतो. लागोपाठच्या खोलींवर ६, ३१, ८ असे आकडे दिसले तर ३१ वर विश्वास ठेवू नका. दुसरी जागा म्हणजे ‘पाषाण लागला’ ही घोषणा. मघाशी विहिरीत पाहिलेले गोल धोंडे इथे आडवे येतात. मीटरभराचा धोंडा लागला की बोअरवाला थांबतो. शिवाय पाषाणाच्या पातळ थराखाली तो लाल मऊ पट्टा असू शकतो. म्हणून खडकात किमान तीन मीटर ड्रिल करून कोअर बाहेर काढायला सांगा, आणि लाकडी पेटीत मांडलेले ते दगडी दंडगोल स्वतः पाहा. अखंड, लांब तुकडे चांगले. नुसता चुरा आणि मध्येच मोकळी जागा असेल तर तो खडक कागदावरच आहे.

रिपोर्टमध्ये हे सापडलंच पाहिजे: प्रत्येक बोअरची जागा दाखवणारा नकाशा, दर दीड मीटरला एन-व्हॅल्यू, प्रत्येक थराची जाडी आणि वर्णन, भूजलाची पातळी व ती कोणत्या महिन्यात मोजली, वाळूचे थर असतील तर कणांचं चाळणी-विश्लेषण, आणि आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकानुसार जमिनीचा प्रकार. शेवटी फक्त ‘भारक्षमता दर चौरस मीटरला २० टन’ एवढंच असेल तर तो रिपोर्ट भूकंपासाठी अपुरा आहे. भारक्षमता उभ्या वजनाची असते. जमीन आडवी कशी हलेल, हे त्यातून कळत नाही.

सहा-सात मजल्यांच्या वर जात असाल, किंवा गाळ खोल असेल, तर भूकंपलहरींचा वेग मोजून घ्या. मॅस्व पद्धतीत जमिनीवर एका रेषेत संवेदक मांडतात आणि हातोड्यानं धक्का देऊन लाट किती वेगानं पोचते ते पाहतात. एक छोटं भूकंपमापक यंत्र अर्धा तास शांत ठेवून जमिनीची नैसर्गिक लय काढण्याची पद्धतही आहे. दोन्हींत खणावं लागत नाही.

पायरी ४: दोन लयी शेजारी ठेवून पाहा

हा हिशोब वहीच्या पानावर होतो. तो डिझाइनसाठी नाही, इंजिनिअरला योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

जमिनीची लय सेकंदांत: मऊ थराची जाडी मीटरमध्ये घ्या, तिला ४ नं गुणा आणि लाटेच्या वेगानं भागा.

इमारतीची लय: अगदी ढोबळ म्हणजे मजल्यांची संख्या भागिले दहा. नेमकं हवं असेल तर आयएस १८९३ चं सूत्र, आरसीसी सांगाड्यासाठी उंचीचा ०.७५ वा घात गुणिले ०.०७५. त्यानुसार सहा मीटर उंच दुमजली घराची लय ०.२९ सेकंद, पंधरा मीटरच्या पाच मजल्यांची ०.५७ आणि तीस मीटरच्या दहा मजल्यांची ०.९६.

एक काल्पनिक प्लॉट घेऊ. खाडीकाठची जागा. वर तीन मीटर भराव, खाली दहा मीटर चिखल ज्याची एन-व्हॅल्यू २ ते ४, मग घट्ट मुरूम आणि पाषाण. मऊ थर एकूण तेरा मीटर, वेग सेकंदाला सरासरी ११० मीटर धरू. तेरा गुणिले चार, भागिले ११०: जमिनीची लय ०.४७ सेकंद. इथे तळमजला अधिक तीन मजल्यांची बारा मीटर उंच इमारत बांधायची ठरली आहे. सूत्रानं तिची लय ०.४८. जवळपास तंतोतंत जुळली.

प्रत्यक्षात विटांच्या भिंती सांगाड्याला ताठ करतात, त्यामुळे सुरुवातीला इमारतीची लय ०.३ च्या आसपास असेल. पण भिंतींना तडे गेले की ती ०.४, ०.५ कडे सरकते, म्हणजे इमारत कमजोर होत असतानाच जमिनीच्या लयीत शिरते. म्हणून एकच आकडा न धरता एक पट्टा धरा आणि जमिनीची लय त्या पट्ट्यात किंवा त्याच्या थोडी पुढे येत असेल तर सावध व्हा.

सावध होणं म्हणजे प्रकल्प सोडून देणं नव्हे. भिंती काँक्रीटच्या करून, ज्यांना शिअर वॉल म्हणतात, इमारत जास्त ताठ करता येते. मजले कमी-जास्त करता येतात. किंवा तीच उंची ठेवून वाढीव बळासाठी डिझाइन करता येतं. पण यातलं काहीही प्लॅन मंजूर होऊन बुकिंग सुरू झाल्यावर करणं जवळपास अशक्य असतं.

मानकातला मातीचा प्रकार इथे कसा लागतो तेही पाहा. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत खडक किंवा कठीण माती, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार आहेत. ०.९६ सेकंद लयीच्या दहा मजली इमारतीसाठी मऊ मातीत धरायचं भूकंपबळ खडकाच्या १.६७ पट येतं. दुमजली घरासाठी मात्र तिन्ही मातींत सारखंच. यातून ‘छोट्या घराला माती बघायची गरज नाही’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. सूत्रात बळ सारखं असलं तरी पाया खचणं, भराव दबणं आणि वाळूचं पाणी होणं या गोष्टी त्या आकड्यात धरलेल्याच नसतात, आणि त्या छोट्या घरालाच आधी गाठतात.

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे पाडलेले झोनही याच मानकात आहेत, आकडा मोठा तसा धोका जास्त. २०१६ च्या नकाशात कोयना परिसर झोन चारमध्ये, मुंबई, पुणे, लातूर आणि गोवा झोन तीनमध्ये, नागपूर झोन दोनमध्ये. मानकं सुधारली जातात, तेव्हा तुमच्या मंजुरीच्या वेळी कोणती आवृत्ती लागू आहे ते इंजिनिअरकडून लेखी घ्या. आणि झोन जिल्ह्याचा असतो, प्लॉटचा नसतो, हे विसरू नका.

पायरी ५: वाळू आणि पाणी एकत्र आहेत का

सैल वाळू पाण्यानं भरलेली असेल आणि जोराचा हादरा बसला तर वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सगळा दाब पाण्यावर येतो आणि थोडा वेळ जमीन द्रवासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात. जपानच्या निगाता शहरात १९६४ साली कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली इमारती यामुळे कलंडल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली. सांगाडे शाबूत होते. खालची जमीनच हरली होती. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारचा मोठा पट्टा असाच खचला. कच्छच्या भूकंपात कांडला बंदरातली कार्यालयाची मनोरेवजा इमारत पाइलवर उभी असूनही झुकली.

महाराष्ट्रात जिथे सैल वाळू किंवा वाळूमिश्रित गाळ आहे आणि पाणी वर आहे तिथेच हे पाहायचं: पुळण, नदीचं जुनं पात्र, खाडीतली रेती टाकून केलेली भरणी. चिकण काळ्या मातीत हा प्रकार होत नाही. वरच्या पंधरा-वीस मीटरमध्ये असा थर असेल तर आयएस १८९३ च्या परिशिष्टातल्या पद्धतीनं द्रवीकरणाचा हिशोब मागा, आणि तो पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर करायला सांगा. मे महिन्यात मोजलेलं पाणी इथे दिशाभूल करतं. झोन तीन आणि त्यावर मानक पाच मीटर खोलीपर्यंत किमान १५ आणि दहा मीटरखाली २५ एन-व्हॅल्यू मागतं. तेवढी नसेल तर जमीन सुधारावी लागते: खडीचे स्तंभ घालून, थर ठोकून घट्ट करून, किंवा उथळ असेल तर सैल माती काढून थराथरानं दाबलेला मुरूम भरून.

पायरी ६: पाया ठरवा

एकाच इमारतीखाली दोन प्रकारचा पाया नको. अर्धा खडकावरच्या फुटिंगवर (कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या पायावर) आणि अर्धा पाइलवर असं करायची वेळ आलीच तर इमारत मध्ये सांधा देऊन दोन वेगळ्या भागांत तोडा.

सुटी फुटिंग घेत असाल तर ती दोन्ही दिशांनी बीमनं बांधा. प्लिंथ बीम हे काम काही अंशी करतो, पण मऊ जमिनीत खाली वेगळा टाय बीम लागतो. जमीन सगळीकडे सारखी मऊ पण फार खोल नसेल तर राफ्ट, म्हणजे इमारतीखाली एकसंध स्लॅब, चांगला.

पाइलबद्दल एक समज जाता जात नाही: पाइल पाषाणात टेकले म्हणजे इमारत पाषाणावर बांधल्यासारखी झाली. तसं होत नाही. उभं वजन पाषाण घेतो हे खरं, पण भूकंपात भोवतालचा चिखल हेलकावे घेतो आणि पाइलना आडवं वाकवतो, विशेषतः मऊ थर संपून कठीण थर सुरू होतो त्या जागी आणि वरच्या टोपीजवळ. तिथे जास्त सळई आणि तिला वेढणाऱ्या, कमी अंतरावर बसवलेल्या रिंगा लागतात. इंजिनिअरला थेट विचारा, ‘पाइल आडव्या बळासाठी तपासलेत का, आणि इमारतीला भूकंपबळ धरताना जमीन कोणत्या प्रकारची घेतली?’ उत्तर ‘खडक, कारण पाइल खडकात आहेत’ असं आलं तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या.

पायरी ७: वरचं बांधकाम जमिनीइतकंच गंभीरपणे घ्या

किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, मोठ्या भूकंपांच्या मानानं मध्यम. माणसं गेली ती हजारोंनी. मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती, आतली आणि बाहेरची अशी दोन तोंडं एकमेकांना न बांधलेली, आणि डोक्यावर माळवदाचा काही टनांचा मातीचा थर. भिंती फुगल्या, दुभंगल्या आणि छत झोपलेल्यांवर आलं. अशी भिंत पाषाणावर उभी असती तरी टिकली नसती. चांगली जमीन हा वाईट बांधकामाला उतारा होऊ शकत नाही.

दगड-विटांचं घर बांधत असाल तर प्लिंथ, लिंटेल आणि छताच्या पातळीला सलग आरसीसी पट्टा द्या, कोपऱ्यांत उभी सळई घाला, दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधदगड टाका. यांचा खर्च फारसा नसतो.

आरसीसी इमारतीत खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, हा अहमदाबादेत पडलेल्या कित्येक इमारतींचा सामाईक दोष होता. खालचा मजला वरच्यांच्या तुलनेत लवचीक राहतो आणि सगळी हालचाल त्या एका मजल्यात गोळा होते. मऊ जमिनीवर तर हे दुप्पट वाईट, कारण अशी इमारत आधीच सैल असते. पार्किंग हवंच असेल तर तळमजल्यावर शिअर वॉल घ्या आणि कॉलमच्या रिंगा आयएस १३९२० प्रमाणे, टोकं १३५ अंशांत आत वळवलेल्या, आहेत का ते काँक्रीट ओतण्याआधी जाऊन पाहा. तिथे ९० अंशांत वळवलेली रिंग दिसली तर काम थांबवा.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आणि जुन्या सोसायट्यांसाठी

फ्लॅट घेताना माती तपासणीचा पूर्ण रिपोर्ट मागा, शेवटचं पान नव्हे. बोअरचा नकाशा तुमच्या विंगखाली येतो का ते पाहा. मोठ्या प्रकल्पांत पहिल्या टप्प्याचा रिपोर्ट चौथ्या टप्प्याला जोडलेला मी पाहिला आहे, आणि मध्ये बुजवलेला ओढा होता.

सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर निविदेच्या आधीच, सोसायटीच्या स्वतःच्या खर्चानं, बोअर आणि लहरींचा वेग मोजून घ्या. मग प्रत्येक विकासकाला तोच रिपोर्ट द्या आणि त्यावर आधारलेला पाया व उंची मागा. चार मजली इमारतीच्या जागी पंधरा मजली येते तेव्हा जमीन तीच राहते पण इमारतीची लय बदलते. जुनी इमारत त्या जागी पन्नास वर्षं सुखरूप उभी होती, हा नव्या उंचीचा पुरावा होत नाही.

पुनर्विकास लांब असेल तर निदान स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये जमिनीचा प्रकार नोंदवायला लावा. प्लिंथभोवतीची जमीन कुठे खचली आहे, पायऱ्या इमारतीपासून सुटल्यात का, भिंतींवर तिरके तडे आहेत का, हे फोटो आणि तारखेसह लिहून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहा. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवली तर हालचाल सुरू आहे की थांबली हे ती फुटते का यावरून कळतं. बोअरचे रिपोर्ट, पायाचे नकाशे आणि ही वही सोसायटीच्या कार्यालयात एकाच फाइलमध्ये ठेवा. नवीन समिती आली की कागदपत्रं देताना ती फाइल सहीनिशी ताब्यात द्या.